कोनाच्या हातानं?

मी अमरावतीला कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला लागले आणि खोली बघायला म्हणून राजापेठेच्या मागच्या गल्लीतल्या त्या घरी गेले, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही, बापाचं नाव विचारलं नाही, लग्न झालं की नाही तेही विचारलं नाही, आणि आमच्या वऱ्हाडात हे म्हणजे आक्रीतच. त्यांनी नुसतं दाराच्या चौकटीकडे बोट केलं.

"कोपर टेकवा इथं. हां, असं. आता बोटं सरळ करा. वाकवू नोका ना!"

खांद्याला बॅग, हातात आईने बांधून दिलेला डबा, अकोल्याहून बसमध्ये उभ्याने आल्यामुळे अंग आंबलेलं, आणि हा माणूस कानामागची पेन्सिल काढून माझ्या मधल्या बोटाच्या टोकाशी चौकटीवर रेघ मारतो आहे. रेघेवरून एक सुतळी मापून घेतली, ती घेऊन ते जिना चढले, वरच्या खोलीच्या भिंतीला लावत लावत गेले आणि वळून म्हणाले, "तुमच्या हातानं नऊ हात लांब, सात हात रुंद. पसंत असंल तं सामान आना."

"पण फुटात किती?"

"फूट कोनाचा?"

"म्हणजे?"

"तेच तं मी इचारून राह्यलो. राहाचं तुमाले हाय का फुटाले? मांगच्या भाडेकऱ्याच्या हातानं हेच खोली आठ हात होती. तुमचा हात आखूड हाय. तुमाले मोठी भेटली."

भाडं मात्र आम्हा दोघांनाही सारखंच होतं, हे मला नंतर कळलं.

असल्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा! मी काही भांडायला कमी करणारी नव्हे. अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेली मी, आमच्याकडे पोरी नळावर नंबर लावता लावताच भांडायला शिकतात. पण या घरमालक काकांशी भांडण जमायचंच नाही. आपण तावातावाने काहीतरी बोलावं आणि त्यांनी शांतपणे विचारावं, "कोनाच्या हातानं?" झालं! आपला राग तिथेच हवेत लोंबकळत राहायचा.

गल्लीत त्यांना मापाडी म्हणत. मापाडी म्हणजे बाजार समितीत धान्य मापणारा माणूस. काकांचा धान्याशी काही संबंध नव्हता, ते हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले. पण नाव असं चिकटलं की दूधवालासुद्धा "मापाडी गुरुजी, दूध!" अशी हाक मारायचा, आणि त्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही. उलट दूधवाल्याचाही हात चौकटीवर होता. पोस्टमनचा होता, सिलिंडरवाल्याचा होता, आधीच्या सगळ्या भाडेकऱ्यांचे होते. त्यांच्या मुलाचे तर तो पाळण्यात असल्यापासून कॉलेजला जाईपर्यंतचे होते, एकाच्या वर एक, दुधाच्या पातेल्यावर धरलेल्या सायीच्या रेघांसारखे.

टेप घरात आणायची नाही, असा नियम. "टेप खुटीवर राह्यते, हात अंगावर राह्यतो. गरजेच्या वक्ताले खुटी सापडत नाई." पाऊस त्यांच्याकडे घोटाभर नाही तर गुडघाभर पडायचा, मिलिमीटरमध्ये कधी पडला नाही. विहीर पुरुषांत, म्हणजे उभ्या माणसांत. मिरची बोटाएवढी, लसूण नखाएवढा. मी एकदा विचारलं, इथून अकोला किती लांब धरायचं? तर म्हणाले, "बसमंधी एक झोप." अंगणात एकदा साप निघाला होता, तो ते नेहमी दोन हात आणि एक वीत सांगत. "काका, साप मोजलात कसा?" तर म्हणे, "मेल्यावर मोजला. जित्तेपनी इचारलं असतं तं त्यानं दिला असता का हात?"

काकू हे सगळं ऐकत आत भाकरी थापत असायच्या. दर्यापूरकडच्या एका खेड्यातली बाई. अंगाने एवढीशी, पण जिभेने पुऱ्या गल्लीला पुरून उरेल अशी. त्या आतूनच म्हणायच्या, "याइच्या मायनं याइची नाय कापली नसंल व बाई, सुतळीच कापली असंल!" नाय म्हणजे नाळ. काका ओठांतल्या ओठांत हसायचे. बायकोने आपल्यावर बोललेलं त्यांना फार आवडायचं, पण तसं दाखवायचे नाहीत.

संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावर त्यांचा वर्ग भरायचा. वर्गात बहुतेक मी एकटीच. काकांचं म्हणणं, जगातली सगळी मापं माणसाच्या अंगातून निघाली. अंगठ्याच्या रुंदीतून इंच निघाला, पावलातून फूट. आपल्याकडे आठ जवस आडवे ठेवले की एक बोट... "जवस नाई, जव! जवसाची तं चटनी करतात," असं आतून काकू ओरडायच्या आणि काका "तेच, तेच, जव" म्हणून पुढे जायचे. बारा बोटांची वीत, दोन वितींचा हात. मिसर देशात म्हणे राजाचा हात काळ्या दगडात कोरून ठेवला होता आणि सगळ्या गवंड्यांना आपापली लाकडी पट्टी त्या दगडाला लावून तपासून न्यावी लागायची. आणि आपल्याकडे जमीन मोजायची काठी पाच हात अन् पाच मुठींची. इथे आले की काका ओट्यावर पुढे सरकायचे.

"आता सांगा बाई, पाच हात पन कोनाचे? सरकारचा मानूस बुटका आला, त्याचा हात आखूड, तं काठी आखूड. काठी आखूड तं वावर मोठं भरलं. वावर मोठं तं सारा जास्त! अन् उंच मानूस आला तं तेच वावर लहान. म्हंजे गावातले लोक काय करत असतीन?"

"काय?"

"देवाले नवस करत असतीन, बाप्पा, यंदा उंच मानूस धाड!"

आणि स्वतःच मांडीवर थाप मारून असे हसायचे की ओट्यावरची मांजर उठून जायची. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली त्याची गणती नाही. दरवेळी मी "काय?" विचारायची आणि दरवेळी मलाही हसू यायचं.

त्यांचं एक प्रकरण तर पुऱ्या गल्लीत गाजलं. कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं होतं की जुन्या काळी तिकडे युरोपात फूट ठरवायचा झाला, की रविवारी प्रार्थना सुटल्यावर देवळाच्या दारातून बाहेर पडतील ते सोळा जण धरायचे. उंच-बुटका बघायचा नाही. त्यांची डावी पावलं एकापुढे एक लावायची आणि त्या लांबीचे सोळा भाग करायचे. तो खरा फूट, कारण तो एकाचा नाही, सगळ्यांचा. काका या गोष्टीवर इतके खूष झाले की चार दिवस जेवताना तेच. काकू म्हणाल्या, "मंग करा ना एकडाव, नाई तं माह्या डोक्यातून ते सोळा जन जात नाई."

आणि त्यांनी केलं! शनिवारी मारुतीच्या देवळाच्या दाराशी खडू घेऊन उभे राहिले. निघालेला प्रत्येक माणूस धरला. "चप्पल काढा. डावा पाय. याच्या टाचेले अंगठा लावा." एप्रिलचं ऊन, डांबर तापलेलं, आणि सोळा बाप्ये एकामागे एक डावा पाय पुढे टाकून, एकमेकांच्या खांद्याला धरून उभे. एकाच्या टाचेला एवढ्या भेगा की काका म्हणाले, भेगांतली जागा सोडून मोजाले पायजे. एक वकील होते, ते बूट काढायला तयार नव्हते. त्यांना काका म्हणाले, "मंग तुमचा बूट मोजला जाईन साहेब, तुमी नाई." वकिलांनी बूट काढला. मागे ऑटोंची रांग लागली, एकजण हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शेवटी खाली उतरून विचारायला लागला, "माहा पाय पन घेता काय, गुरुजी?"

आमच्या गल्लीचा फूट सरकारी फुटापेक्षा अंगुळभर आखूड निघाला. काका आठवडाभर तो फूट घेऊन फिरत होते. काकूंनी मात्र त्या सोळाच्या सोळा जणांना घरी बोलावून ताक पाजलं, कारण लोकांचे पाय भाजले होते आणि ते यांना सुचलं नव्हतं.

तसं काकांना पुष्कळ काही सुचायचं नाही. दिवाणाचंच बघा ना. पुढच्या खोलीसाठी दिवाण करायचा होता. इतवाऱ्यातल्या सुताराला काकांनी सांगितलं, चार हात लांब, दोन हात रुंद. सुतार म्हणजे ताडमाड माणूस, हात गुडघ्याला टेकतील असे. त्याने आपल्या हाताने मोजून केला. दिवाण घरी आला तो दारातून आत जाईना. उभा केला, आडवा केला, तिरपा केला. सुतार म्हणे, "गुरुजी, तुमीच तं चार हात म्हटले." जन्मभर लोकांना "कोनाच्या हातानं?" विचारणारा हा माणूस सुताराला ते विचारायचंच विसरला होता. काका लाल झाले, मग म्हणाले, "ठेव कडुनिंबाखाली." तो दिवाण तिथेच राहिला. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री, उन्हाळ्यात आम्ही. आंब्याचे दिवस, काकू सुरी घेऊन बसलेल्या, मी सुट्टीच्या दिवशी वरून खाली उतरून त्या दिवाणावर लोळत पडलेली. ते दिवस आठवले की अजून जीव गोळा होतो. घरी माय असताना मला दुसऱ्या घरी इतकं बरं का वाटायचं, देव जाणे.

मग काकूंचे डोळे गेले.

काचबिंदू होता. कडेकडेने अंधार येत गेला आणि काकूंनी तो कितीतरी महिने कोणाला सांगितला नाही. तांदळातले खडे दिसेनात तेव्हा म्हणाल्या, हल्ली तांदूळच खराब येतो. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून टिकवायची. ती पण टिकली नाही. उजेड आणि सावली एवढंच उरलं.

त्यांचा मुलगा पुण्यात, बांधकामाच्या कंपनीत. चांगला मुलगा, उगाच नावं ठेवणार नाही. तो लगेच आला आणि म्हणाला, दोघांनी पुण्याला चला. सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, स्वयंपाकाला बाई आहे, आईने आता नुसतं बसायचं. काकूंचा चेहरा मी पाहिला. त्या उठून चाचपडत स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी मागे गेले तर हळूच म्हणाल्या, "डोये गेले तं गेले व बाई. पन दुसऱ्याच्या हातचं बसून खाचं म्हंजे मले मेल्यासारखं लागते. माहा वटा नोको सोडवू म्हना याले."

काकांनी ते ऐकलं. बाहेर जाऊन मुलाला म्हणाले, "मले महिनाभर दे."

दुसऱ्या दिवसापासून काका स्वयंपाकघरात शिरले. काकूंना घर अंगानेच ओळखता यावं, अशी त्यांची योजना. भिंतीपासून एक हातावर मिठाचा डबा. दीड हातावर तेल. दोन हातांवर गॅस सुरू होतो. तीन हातांवर गॅस संपतो आणि पाण्याचं तपेलं लागतं. भिंतीला कोपर लावायचं, मग हात मोजत पुढे जायचं. सगळं खिळ्यांनी, पट्ट्यांनी जागच्या जागी पक्कं केलं, डबा बोटभर हलणार नाही असं. संध्याकाळी काकूंकडून पाठ करून घ्यायचे. काकू शाळेतल्या पोरीसारख्या म्हणायच्या, "तीन हातावर पानी." मी जिन्यावरून ऐकायची आणि मला भरून यायचं, हे सरळच सांगते.

आणि आठवडा झाला नसेल, सकाळी काकूंची किंकाळी ऐकून मी धावत खाली आले. पाणी घ्यायला म्हणून त्यांनी तीन हात मोजले, आणि पाण्याच्या जागी हात गेला तो उकळत्या दुधाच्या पातेल्यात. उजवा पंजा पुरा भाजला.

मुलगा पुन्हा आला. या वेळी तो ऐकणार नव्हता. "बाबा, हा खेळ आहे का?" एवढंच म्हणाला, पण काका खाली मान घालून उभे राहिले. दिवाळीनंतरची तिकिटं काढायचं ठरलं. काकू पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन नुसत्या बसून असायच्या. स्वयंपाक काका करत. काकू बसल्या जागेवरून सांगायच्या, मूठभर डाळ, चिमूटभर मीठ, आणि काकांची चिमूट म्हणजे काकूंची मूठ. वरण तोंडात घालवत नव्हतं. एरवी या गोष्टीवर आम्ही दोन दिवस हसलो असतो. त्या वेळी कोणी हसलं नाही.

एक दिवस मी खाली बसले होते आणि काका पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "बरोब्बर तीन हात हाय. म्या सोता मोजलं. तीनदा मोजलं. हे चुकलीच कशी?"

बाई चुकली म्हणतात! माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "काका, कोणाच्या हातानं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग उठले आणि दाराच्या चौकटीशी गेले. वरपासून खालपर्यंत रेघा बघत गेले. दूधवाला, पोस्टमन, सिलिंडरवाला, मी, मुलगा लहान, मुलगा मोठा. दुसऱ्या बाजूची चौकट बघितली. खाली बसून तळाशी बघितलं. सगळ्या जगाचा हात त्या चौकटीवर होता. काकूंचा नव्हता.

काका परत आले आणि काकूंच्या समोर खाली जमिनीवर बसले. "हात दे," म्हणाले.

"कोनता? उजवा तं तुमी भाजून ठेवला."

"डावा दे."

काकूंनी डावा हात पुढे केला. काकांनी कोपरापासून सुतळी लावली, बोटाच्या टोकाशी गाठ मारायला गेले, पण त्यांना गाठच बसेना. शेवटी गाठ मीच मारली. काकूंचा हात काकांच्या हाताहून तीन बोटं आखूड होता. एका हाताला तीन बोटं, तर तीन हातांना जवळजवळ वीतभर फरक. काकूंचे तीन हात जिथे संपत होते तिथे पाणी नव्हतंच, तिथे गॅसच होता.

"इतकी वर्सं याच हातची भाकर खाल्ली," काकू म्हणाल्या. "मोजाले आज सुचला व्हय?"

काका तो भाजलेला हात दोन्ही हातांत धरून रडले. मी उठून वर निघून गेले, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

मग काकांनी सगळं उपटून पुन्हा लावलं. या वेळी सुतळी काकूंची. सुताराला बोलावलं तेव्हा आधी त्याच्या हातात ती सुतळी दिली आणि दम दिला, "तुहा हात खिशात ठेव." फळ्या खाली आल्या, खिळे सरकले, तवा अडकवायची खुंटी काकूंच्या खांद्याशी आली. पन्नास वेळा त्यांना बोलावून, "आता घे. लागलं का हाताले? नाई? मंग माहं चुकलं," असं चाललं होतं. "माहं चुकलं" हे शब्द मी त्या घरात पहिल्यांदा ऐकले.

दिवाळीला मुलगा आला. त्याच्याजवळ कंपनीतलं एक यंत्र होतं, बटन दाबलं की भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि लांबी आकड्यांत दिसते. त्याने स्वयंपाकघर त्या यंत्राने मोजलं आणि म्हणाला, "बाबा, ही उंची चुकीची आहे. कुठल्याच किचनमध्ये अशी नसते."

काका म्हणाले, "कुठल्याच नाई. हे एकटीचंच हाय."

काकूंनी पदर खोचला. आम्हा तिघांना बाहेर काढलं आणि कोणीही आत यायचं नाही म्हणून बजावलं. मुलगा दारातच घुटमळत होता. काका दिवाणावर जाऊन बसले, पण त्यांचे कान आत. डबा वाजला की पुटपुटायचे, "मीठ." मग, "तेल. बरोबर." मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही आणि काका उभे राहिले. मी त्यांना सदरा धरून खाली बसवलं. तेवढ्यात भाकरी थापल्याचा आवाज आला, थप थप थप, एका लयीत, आणि काकांनी डोळे मिटून घेतले.

वांग्याची भाजी, तुरीचं वरण, भाकर. ताटंही काकूंनीच वाढली. मुलगा जेवला. एक भाकर झाल्यावर त्याने दुसरी मागितली आणि काकूंनी तव्यावरची फुगलेली भाकर काढून सरळ त्याच्या ताटात टाकली. त्याने घास तोंडाशी नेला आणि त्याला हुंदका आला. काकू म्हणाल्या, "तिखट झालं व्हय रे बाबू?" तो म्हणाला, "नाही गं." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बरं. आत्ता राहा इथं. पुढचं पुढं पाहू."

"पुढचं पुढं पाहू" हे त्याने मग दरवर्षी म्हटलं. काकूंच्या मनातून ते कधी गेलं नाही. मला एकट्यात म्हणायच्या, "हे हायत तवरक मी हाव. उद्या याइचं काई बरंवाईट झालं, तं पोरगं मले उचलूनच नेईन. आंधया बाईले कोन एकटं ठेवते?" मी काहीतरी समजूत घालायची. पण मलाही तसंच वाटायचं.

पुढे माझं लग्न झालं, बदली अकोल्याला करून घेतली. येणंजाणं राहिलं. गेल्या थंडीत मुलगा रजा घेऊन अमरावतीला आला होता, तेव्हा एका सकाळी त्याचाच फोन आला की बाबा गेले. चहा घेतला, पेपर मांडीवर घेतला आणि मान कलली. मी पहिल्या बसने गेले.

अंगणात माणसं जमली होती. काकांना पुढच्या खोलीत ठेवलं होतं. किती लहान दिसत होते! काकू उशाशी बसलेल्या, डोळे कोरडे. बाहेर ओला बांबू आणून टाकला होता आणि तिरडी बांधणारे विचारत होते, केवढा तोडू? कोणी म्हणालं सहा फूट, कोणी म्हणालं जास्त घ्या. गल्लीतले एक म्हातारे म्हणाले, "त्यात काय इचारता? मानूस साडेतीन हाताचा. वर सोडा खांद्यापुरतं."

आतून काकूंचा आवाज आला. "मानूस आपल्या हातानं साडेतीन. तुमच्या हातानं हे नाई येत."

काकू सरकत सरकत पायांशी गेल्या. काकांच्या टाचेला आपलं कोपर लावलं आणि हात पसरला, त्याच्या टोकाला पुन्हा कोपर, पुन्हा हात. पोटरी, मांडी, छाती. म्हातारे पुढे झाले, "वहिनी, हे बाईमानसानं कराचं नसते." आणि मुलाकडे बघून म्हणाले, "तुह्या मायले घेऊन जा आत."

मी मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा उठवणार त्यांना. काकूंना उचलून नेणं इथूनच सुरू होणार.

तो म्हणाला, "आईले करू द्या." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदा ऐकली.

चौथा हात कपाळावर पोचला. वर चार बोटं राहिली, ती काकूंनी केसांवर ठेवली आणि तशीच थोडा वेळ राहू दिली. मग उठल्या. मुलाने त्यांचा दंड धरला नाही. त्या आपल्या आपण भिंतीने अंगणात आल्या, तो पुढे जाऊन खाली बसला आणि त्याने बांबू त्यांच्यासाठी दोन्ही हातांनी घट्ट धरला. काकूंनी बांबूवर कोपर टेकवलं. चार हात घेतले, चार बोटं घेतली, दोन्ही टोकांना खांदेकऱ्यांसाठी हात-हात सोडला, आणि बांबूवर नख रुतवून म्हणाल्या, "इथं तोड, बाबू."

त्याने तोडला. चौदाव्या दिवशी तो पुण्याला गेला, आणि एकटाच गेला.